निडीतलं सुहासबालाचं घर

रोह्याच्या अलीकडचं स्टेशन म्हणजे निडी. गाडी तिथे मिनिटभर थांबते आणि उतरणारे बहुतेक गावचेच असतात. त्यामुळे कुणी परका माणूस उतरला आणि फलाटावर उभा राहून इकडेतिकडे बघायला लागला, की स्टेशनाबाहेरची माणसं त्याने विचारायच्या आधीच वाट सांगत. "सुहासबालाचं घर ना? सरळ जा. मोठा आंबा लागला की डावीकडे. ओटीवर झोपाळा दिसेल, तेच."

सुहासबाला ही कृष्णधवल चित्रपटांच्या काळातली गाणारी नायिका. आजच्या पोरांना ती ठाऊक नाही, पण साठी-सत्तरी उलटलेल्या माणसांपुढे तिचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलतो. तिचं झोपाळ्यावरचं एक गाणं रेडिओवर चाळीस वर्षं वाजत राहिलं. आपण मूळच्या निडीच्या, एवढं तिनेच कधीतरी एका मुलाखतीत सांगितलं होतं. त्यापुढे गावाबद्दल एक अक्षरही ती बोलली नाही.

झोपाळ्याच्या त्या घरात इंदुबाई राहत होत्या. वय सदुसष्ट. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल, आणि वाल निघाले की पुढच्या पावसाची वाट, असं त्यांचं वर्ष जायचं. त्यांचे यजमान विष्णु रेल्वेत गेटमन होते. गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावरचं फाटक त्यांनी सव्वीस वर्षं उघडलं आणि बंद केलं. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत हृदयविकाराने गेले, त्याला आता अकरा वर्षं झाली. एकुलती मुलगी नूतन पेणला शाळेत शिक्षिका होती. इंदुबाई एकट्याच राहायच्या, पण एकट्या पडल्या नव्हत्या, कारण महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी सुहासबालाचं घर बघायला यायचंच.

येणारी माणसं बहुधा म्हातारी असत. कुणी नागपूरहून, कुणी इंदूरहून. ओटीवर बसून पाणी पीत. झोपाळ्याच्या कड्यांना हात लावून बघत. एखादे आजोबा त्यावर बसून ते गाणं म्हणायला लागत आणि दुसऱ्या ओळीवर त्यांचा आवाज भरून येई. मग इंदुबाई ठरलेलं बोलत. "हितंच जन्म झाला त्यांचा. भाडेकरू होते आमच्याकडं. लय लहानपणी मुंबईला गेल्या."

हे बोलताना त्या समोरच्याकडे बघत नसत. हातातल्या सुपात धान्य पाखडत राहत, नाहीतर पदराने झोपाळ्याची फळी पुसत. कारण हे सगळं खोटं होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्या सासूबाईंनीच लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं, "मी नवरी होऊन आले तेव्हा हितं नुसती करवंदीची जाळी होती गो. घर मागाहून बांधलं. कौलं मी डोक्यावरून आणली." सासूबाईंचं लग्न स्वातंत्र्यानंतर झालेलं. आणि सुहासबाला मुंबईला गेली ती इंग्रज असताना, अकरा वर्षांची. जे घर उभंच नव्हतं त्यात ती जन्मणार कशी?

हे खोटं सुरू केलं विष्णूंनी. सत्त्याण्णव सालची गोष्ट. मुंबईहून कॅमेरा घेऊन दोन माणसं आली होती, सुहासबालावर काही लिहायचं होतं त्यांना. वरच्या आळीतल्या खोतांचा पुतण्या त्यांना आपल्या घराकडे घेऊन चालला होता. बाईंचा जन्म आमच्याच घरातला, आम्ही तशी पाटीही लावणार आहोत, असं तो सांगत होता. विष्णु ड्युटी संपवून येत होते. आपल्या घरासमोर थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तिकडं कुठं नेतोस यांना? सुहासबालाबाई आमच्या घरात जन्मल्या. माझ्या आईने सांगितलंय मला."

इंदुबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. पुतण्या चिडला, वाद झाला. पण खालच्या आळीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी विष्णूंच्या बोलण्यावर माना डोलावल्या. खोतांच्या बाजूने बोलायची तिथे कुणालाच हौस नव्हती. कॅमेऱ्यात इंदुबाईंची ओटी टिपली गेली, आणि पुढच्याच महिन्यात विष्णूंनी तिथे झोपाळा टांगला.

"असं का बोललात?" इंदुबाईंनी त्या दिवशी जेवायला वाढताना विचारलं होतं.

"असू दे गो."

"पण खरं नाय ना ते."

"नाय," विष्णु म्हणाले. "पण त्यात कुणाचं नुकसान नाय. येईल त्याला पाणी देत जा, बस."

त्यानंतर इंदुबाईंनी तीन-चारदा विषय काढून पाहिला. दर वेळी विष्णु उठून अंगणात जात. ज्या माणसाने आयुष्यात कधी फाटकावर डुलकी काढली नाही, सापडलेलं पाकीट मालकाचा पत्ता शोधून घरपोच केलं, त्याने एवढी एकच लबाडी का करावी, हे इंदुबाईंना उलगडलं नाही. मोठेपणा मिरवायची हौस म्हणावी, तर ते आलेल्या पाहुण्यांसमोर फारसे बसतही नसत. ते गेले तेव्हा इंदुबाईंना वाटलं होतं, आता हे थांबवावं. पण थांबवायचं म्हणजे गेलेल्या नवऱ्याला चारचौघांत खोटा ठरवायचं. ते त्यांच्याने झालं नाही. मग त्याच बोलत राहिल्या.

यंदा वाल चांगले आले होते. फेब्रुवारीत एका दुपारी इंदुबाई अंगणात शेंगा पसरत असताना नूतनचा फोन आला.

"आई, बसली आहेस ना? सुहासबालाबाईंच्या मुलीचा फोन आला होता मला. तनयाताईंचा. मी बाईंच्या वाढदिवसाला आपल्या झोपाळ्याचा फोटो टाकला होता ना फेसबुकवर, त्यावरून त्यांनी मला शोधलं. रविवारी येतायत निडीला. आपल्याकडे."

इंदुबाईंच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. "कशाला?"

"कशाला म्हणजे? आईचं घर बघायला. आणि मी निलेशला सांगितलं. ग्रामपंचायत आपल्या घरावर पाटी लावणार आहे, त्यांच्याच हस्ते. त्याने रंगवायलाही दिली."

निलेश हा गावचा सरपंच. नूतनच्या वर्गातला, इंदुबाईंना काकी म्हणणारा.

त्या दिवसापासून इंदुबाईंचं अन्नावरचं मन उडालं. परक्या माणसांपुढे बोलणं वेगळं होतं. पण ज्या बाईला स्वतःची आई कुठे जन्मली ते कदाचित ठाऊक असेल, तिच्यासमोर उभं राहून "हितंच जन्म झाला" म्हणायचं? आणि वर भिंतीवर पाटी. बोललेलं हवेत विरून जातं, पाटी तशीच राहिली असती. भाकरी थापताना, वाल झोडताना, देवापुढे निरांजन लावताना एकच विचार डोक्यात. दुखण्याचं निमित्त करून मुरूडला बहिणीकडे निघून जावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण गुरुवारी सकाळी त्यांनी एका पिशवीत ओल्या शेंगा भरल्या, दुसऱ्या डब्यात मोड आणलेले वाल घेतले, आणि पेणची गाडी धरली.

नूतन शाळेतून आली तेव्हा आई तिच्या स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती. नूतनही समोर बसली. दोघी बोटांनी एकेक दाणा चिमटीत धरून साल काढत होत्या. चार मुठी सोलून झाल्यावर इंदुबाईंनी सांगून टाकलं. सासूबाईंची करवंदीची जाळी, कौलं, सत्त्याण्णव साल, सगळं.

नूतनचे हात थांबले. "म्हणजे बाबा खोटं बोलले?"

"व्हय."

"आणि तू?"

"मीपण."

"मी शाळेत मुलांना सांगते, आई. दरवर्षी. आमच्या घरात सुहासबाला जन्मल्या म्हणून." ती उठली, उगाच नळ सोडला, बंद केला. "बाबा असं करतील हे मला खरंच वाटत नाही. त्यांनी केलं कशासाठी?"

"ते मला ठाव असतं तर मी इतकी वर्षं जळले नसते."

नूतनने फोन काढून आईपुढे धरला. निलेशने पाटीचा फोटो पाठवला होता. निळ्या पत्र्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं: 'ज्येष्ठ अभिनेत्री सुहासबाला यांचे जन्मस्थान'.

इंदुबाईंनी ती दोनदा वाचली. "रविवारी ती बाई आली की पाटी लागायच्या आधी मी तिला सांगणार हाय. तुझ्या बाबांना नाव ठेवायचंय म्हणून नाय. पण तिच्या तोंडावर मला जमायचं नाय ते."

नूतनने फोन बाजूला ठेवला. मग पुन्हा समोर येऊन बसली आणि एक वाल उचलला. "मी येते शनिवारीच," ती म्हणाली. "तू एकटी नको सांगूस."

रविवारी साडेनऊला आंब्याजवळ मोटार थांबली. तनयाताई उतरल्या. साठीच्या, आखूड केस, साधी सुती साडी, एका गुडघ्याने लंगडत चालणाऱ्या. इंदुबाईंनी सुहासबालाचा चेहरा त्यांच्यात शोधला. फक्त कपाळ तसं होतं. नूतनने पायांवर पाणी घातलं. तनयाताई झोपाळ्याकडे बघून हसल्या, पण त्यावर बसल्या नाहीत. ओटीच्या पायरीवरच टेकल्या.

"अकरा वाजता पाटीचा कार्यक्रम हाय म्हणं," इंदुबाई म्हणाल्या. "त्याआधी जरा आत येता का, ताई? चहा ठेवते. बोलायचं होतं."

आत स्वयंपाकघरात तनयाताईंना खुर्ची दिली. नूतन दाराशी उभी राहिली. इंदुबाईंनी चहा ठेवलाच नाही. ओट्याला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आईचा जन्म या घरात नाय झाला. त्यांच्या जन्माच्या वक्ताला हे घर नव्हतंच. आमच्या यजमानांनी तसं सांगितलं, त्यांच्यामागं मी सांगत आले. का सांगितलं ते मला ठाव नाय. ते वाईट नव्हते. पण हे खरं नाय, आणि तुम्ही मुंबईपासनं आलात म्हणून मला बोलणं भाग होतं. मला माफ करा."

पाठीमागे हातांनी ओट्याची कड घट्ट धरून त्या उभ्या होत्या.

तनयाताई रागावल्या नाहीत. चकितही झाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "विष्णु गेटमन तुमचे यजमान ना?"

"व्हय."

"आणि त्यांनी तुम्हाला कधीच काही सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?"

तनयाताईंनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात तीन पोस्टकार्डं होती, पिवळी पडलेली. "आईची जागा विकली गेल्या वर्षी. कागद आवरताना ही सापडली. खरं तर मला तुमच्या यजमानांनाच भेटायचं होतं. ते नाहीत हे नूतनकडून कळलं." त्यांनी वरचं कार्ड इंदुबाईंच्या हातात दिलं.

इंदुबाईंना अक्षर वाचायच्या आधीच ओळखू आलं. भाताच्या डब्यांवर, कॅलेंडरवर, नूतनच्या वह्यांच्या पहिल्या पानावर हेच अक्षर होतं, पुढे झुकलेलं. सावकाश, ओठ हलवत त्यांनी वाचलं.

'सा. न. वि. वि. आपणास शब्द दिल्याप्रमाणे चालू आहे. काल पुण्याहून तिघे आले होते. त्यांना आमची ओटी दाखवली. झोपाळा टांगला आहे, त्यावर बसून खूश झाले. खोतांनी पाटीचा विचार सोडला. आमच्या घरच्यांना खोटं आवडत नाही, आणि तिला कारण सांगता येत नाही हे जरा जड जातं. पण शब्द तो शब्द. आपण तब्येत जपावी. आपला, विष्णु, गेट नंबर'

पुढचा आकडा शाईने पसरला होता. इंदुबाईंनी कार्ड नूतनकडे दिलं आणि जमिनीवरच बसल्या.

मग तनयाताईंनी सगळं सांगितलं, आईने शेवटच्या आजारपणात सांगितलेलं.

सुहासबालाची आई विधवा होती आणि खोतांच्या घरी स्वयंपाकाला होती. गोठ्याला लागून एक पडवी होती, तिथे मायलेकी राहत. मुलगी जन्मली तीही तिथेच. ती अकरा वर्षांची असताना खोतीणबाईंची सोन्याची पाटली हरवली आणि आळ स्वयंपाकीणबाईवर आला. चारचौघांसमोर तिचं गाठोडं सोडून बघितलं, पोरीची झडती घेतली. काही निघालं नाही, तरी त्याच सकाळी दोघींना बाहेर काढलं. त्या नागोठण्यापर्यंत चालत गेल्या आणि तिथल्या बंदरावरून लाँचने मुंबईला. पाटली आठ दिवसांनी भाताच्या कणगीत सापडली, असं कुणाकडून तरी कानावर आलं. पण त्यांना परत बोलवायला कुणी आलं नाही.

"पुढे आईला सगळं मिळालं," तनयाताई म्हणाल्या. "पण आजीवरचा आळ तिने कुणाला कधी सांगितला नाही. लोक म्हणतील, चोरणारीची पोर. तिला तीच भीती."

सत्त्याण्णव साली, सहासष्टाव्या वर्षी, सुहासबाला कुणाला न सांगता गाव बघायला आल्या. मोटारीत त्या आणि ड्रायव्हर, बस. मालगाडी यायची होती, फाटक बंद होतं. ऊन होतं. गेटमनने पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यांनी काचेतून विचारलं, "वरच्या आळीतल्या खोतांचं घर अजून आहे का?"

आवाजावरून विष्णूंनी ओळखलं. पण ओळख न दाखवता सांगितलं, "हाय की. त्यांचा पुतण्या म्हणतो, सुहासबालाबाई त्यांच्याच घरात जन्मल्या. पाटी लावणार म्हणतो."

तेव्हा त्या मोटारीतून उतरल्या. मालगाडी जाईपर्यंत आणि गेल्यावरही फाटकाजवळच्या सावलीत उभ्या राहून त्यांनी आयुष्यात जे कुणाला सांगितलं नव्हतं ते या अनोळखी माणसाला सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "त्या भिंतीवर माझं नाव नको. एवढंच वाटतं. पण आता कोण अडवणार?"

"नाय लागणार पाटी," विष्णु म्हणाले.

"तुम्ही काय करणार?"

"मी सांगेन, तुम्ही आमच्या घरात जन्मलात."

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या घरात जन्मले असते तर फार बरं झालं असतं." मग म्हणाल्या, "पण कारण कुणाला सांगू नका. घरीसुद्धा नाही." आणि आपला पत्ता लिहून देऊन तिथूनच मोटार वळवून परत गेल्या. गावात आल्याच नाहीत.

"आई म्हणायची," तनयाताई म्हणाल्या, "निडीत माझं कुणी नाही, फक्त एक फाटकवाला आहे."

नूतन तिन्ही कार्डं पुन्हा पुन्हा वाचत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा हसरा होता. इंदुबाईंना आधी वाटलं आपल्यालाही रडू येईल. आलं नाही. छातीवरचं ओझं कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. आणि त्या मोकळ्या जागेत पहिला आला तो राग.

"सोळा वर्षं," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं एका घरात जेवलो. मला सांगितलं असतं तर मी काय गावभर केलं असतं?"

"नाही," तनयाताई म्हणाल्या. "पण त्यांनी शब्द दिला होता."

"व्हय. फाटक बंद म्हणजे बंद. कलेक्टरची गाडी आली तरी उघडायचे नाय." बोलता बोलता त्यांना हसू फुटलं, आणि मग कुठे डोळे भरून आले.

तनयाताई म्हणाल्या, "आईला भीती होती, मला नाही. माझी आजी चोर नव्हती. तुम्हाला कुणी विचारलं तर आता खुशाल सगळं सांगा." खोतांचं घर दहा वर्षांपूर्वीच पाडलं होतं. माणसं पुण्याला गेली होती आणि त्या जागेला तारेचं कुंपण होतं. ते बघायला जायचं का, असं नूतनने विचारलं. तनयाताईंनी नको म्हटलं. "फाटक दाखवा मला," त्या म्हणाल्या.

अकराला निलेश आला. मागे दोन माणसं पाटी घेऊन, हार, नारळ. इंदुबाईंनी त्याला ओटीवर बसवलं आणि एका दमात सांगितलं की बाई इथे जन्मल्या नाहीत. या वेळी सांगताना त्यांचा आवाज अजिबात कापला नाही.

निलेशने मान खाजवली. "काकी, खरं सांगू का? मला ठाव होतं."

"काय?"

"आमचे आजोबा सांगायचे, या घराची कौलं रोह्याहून आंब्यापर्यंत बैलगाडीतून त्यांनीच आणली. मी तेव्हाच हिशेब केला होता."

"आणि मग पाटी कशाला केलीस?"

"नूतनचा फोन आला, तनयाताई येणार म्हणून. तुम्ही इतकी वर्षं सांगताय, तुम्हाला कसं म्हणायचं? विष्णूकाकांना कसं खोटं म्हणायचं? मी चार दिवस नुसता घाबरलोय, यांनी विचारलं पुरावा काय तर काय सांगू." त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि पाटीकडे बघितलं. "आता हिचं काय?"

पत्र्याचं काम चांगलं झालं होतं, रंगही अजून नवा. वाया घालवायला कुणाचं मन होईना. नूतनने मुलांचं शुद्धलेखन तपासावं तशी पाटी न्याहाळली आणि म्हणाली, "'स्थान' खोडायचं, 'गाव' लिहायचं. जन्मगाव. आणि हिला स्टेशनाबाहेर लावायची, घरावर नाही."

रंगारी गावातलाच होता. निलेशने त्याला जेवणावरून उठवून आणलं. तो निळा रंग लावून वाळायची वाट बघत बसला, तेवढ्यात सगळे फाटकाकडे निघाले.

फाटक आता नव्हतं. रुळांखालून रस्ता काढून चार वर्षं झाली होती. गेटमनची खोली मात्र उभी होती, दाराला कुलूप, छपरावर वाळलेलं गवत. तनयाताई गुडघा धरत चढावरून वर आल्या आणि खोलीच्या सावलीत उभ्या राहिल्या. इंदुबाई या खोलीत रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. नवरा बाहेर स्टुलावर बसून जेवायचा, एक कान रुळांकडे. त्याच जागी सुहासबाला उभ्या राहिल्या होत्या हे त्यांना कधी सुचलंही नसतं. त्यांनी तनयाताईंना दाखवलं, "तांब्या हितं असायचा. या बाहेरच्या कोनाड्यात. उन्हाळ्यात मी त्यात वाळा टाकायची."

"आईने सांगितलं होतं," तनयाताई म्हणाल्या. "पाण्याला वाळ्याचा वास होता म्हणून."

इंदुबाईंनी नुसती मान हलवली. त्यांना फार बरं वाटलं. त्या सगळ्या भानगडीत आपलाही एक घोट होता तर.

दुपारी पाटी लागली. स्टेशनाबाहेर, तिकीट खिडकीच्या वाटेवर. तनयाताईंनी हार घातला, जमलेल्या पंधरा-वीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. 'गाव' ही दोन अक्षरं बाकीच्यांपेक्षा थोडी मोठी आली होती. भाषण कुणी केलं नाही. मग इंदुबाईंच्या घरी जेवणं झाली. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, पांढरा कांदा आणि नूतनने पेणहून आणलेले पोह्याचे पापड. त्या आठवड्यात इंदुबाई पहिल्यांदाच पोटभर जेवल्या. नूतनने मुद्दाम तिसरी भाकरी वाढली, तीही त्यांनी संपवली. निघताना तनयाताईंनी तिन्ही कार्डं त्यांच्याकडे ठेवायला दिली. इंदुबाईंनी एकच घेतलं, घरच्यांना खोटं आवडत नाही असं लिहिलेलं. बाकीची दोन परत केली. "ती तुमच्या आईची," त्या म्हणाल्या.

शाळेत नूतनने मुलांना काय सांगितलं ते तिने फोनवर कळवलं. तिसरीच्या वर्गात तिने सगळी गोष्ट नव्याने सांगितली, गाठोड्यापासून फाटकापर्यंत. मुलांनी एकच विचारलं, पाटली कणगीत कुणी टाकली.

चैत्रात सांगलीचं एक जोडपं आलं. दोघंही सत्तरीचे, निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको. स्टेशनाबाहेरची पाटी वाचून त्यांनी विचारत विचारत झोपाळ्याचं घर गाठलं होतं, कारण वाट सांगणाऱ्यांची सवय अजून सुटली नव्हती. इंदुबाईंनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि आजोबांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "बाई या घरात जन्मल्या नाय हां. त्यांची जागा आता राहिली नाय. हे आमचं घर."

आजोबांचा चेहरा पडला. "मग लोक इथे का पाठवतात?"

"तेच सांगते. घाई नाय ना तुम्हाला?"

आजीबाई म्हणाल्या, गाडीला अजून दोन तास आहेत. त्या झोपाळ्यावर टेकल्या, आजोबा पायरीवर. इंदुबाईंनी पाय लांब केले आणि सुरुवात केली. "आमचे यजमान रेल्वेत गेटमन होते. विष्णु त्यांचं नाव."